गाडी आणि आपण : निळ्या झाकणामागची कुरकुर



गेल्या अंकात ब्रेक ऑइलवर लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले, पण निम्म्या फोनांचा विषय ब्रेक ऑइल नव्हताच. "युरिया टाकूनसुद्धा दिवा जात नाही, काय करू?" "पाचशे किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही असं येतंय, खरंच बंद पडणार का?" एका वहिनींनी तर विचारलं, "शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला तर चालतो का?" तेव्हा एसीचा ठरलेला विषय पुढे ढकलतो आणि आधी हे संपवतो.

सुरुवात नावापासून करू. कंपनीच्या पुस्तकात याला डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड म्हणतात. परदेशातली आपली मुलं अ‍ॅडब्लू म्हणतात. ते नोंदणी केलेलं व्यापारी नाव आहे आणि त्याची मालकी जर्मनीतल्या मोटार उद्योगांच्या संघटनेकडे आहे. आपल्या गोकुळ रोडवर मात्र सगळे सरळ 'युरिया' म्हणतात, मीही तेच म्हणणार. हे डुकराच्या मुतापासून करतात अशी एक अफवा जगभर फिरते, ती खोटी आहे. कारखान्यात केलेला अतिशुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि क्षार काढून टाकलेलं पाणी ६७.५ टक्के, याखेरीज त्यात काही नसतं. त्याला रंगही नसतो, निळं असतं ते झाकण.

लागतो कशाला? डिझेल इंजिनात हवा जास्त आणि तापमान मोठं असतं. त्यामुळे हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आपण त्यांना नॉक्स म्हणू. दिसत नाहीत, पण छातीला त्रास देतात, आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नॉक्सची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं (मधलं बीएस-५ आपण गाळलंच) आणि ही मुभा ०.०८ ग्रॅमवर आली. नुसत्या इंजिनात सुधारणा करून एवढी घट होत नाही, म्हणून धूर बाहेर पडण्याआधी सायलेन्सरच्या वाटेवर त्याच्यात युरियाचा फवारा मारायचा. गरम धुरात युरिया फुटून त्याचा अमोनिया होतो. तो अमोनिया एससीआर नावाच्या उत्प्रेरकावर नॉक्सला गाठतो आणि शेवटी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. नायट्रोजन हवेत ७८ टक्के आहेच, त्यात थोडी भर पडली तर काही बिघडत नाही.

प्रत्येक बीएस-६ डिझेल गाडीला युरिया लागतो असं नाही. काही कंपन्यांनी सुरुवातीला युरियाशिवाय, नॉक्स धरून ठेवणारा सापळा वापरून भागवलं. पुढे एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराची अट आली आणि बऱ्याच जणांना युरियाकडे वळावं लागलं. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन या गाड्यांच्या डिझेल मॉडेलांना तो लागतो. तुमच्या गाडीचं काय हे बघायला बहुतेक वेळा डिझेलचं झाकण उघडलं की पुरे, शेजारी निळं झाकण दिसेल. सापडलं नाही तर पुस्तक बघा. ग्लोव्ह बॉक्समधलं ते प्लास्टिकच्या पिशवीतलं पुस्तक कुणीतरी एकदा उघडावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आपल्या हुबळीला हे प्रकरण कारच्या आधी ट्रकवाल्यांकडून कळलं. एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ लागू झालं तेव्हाच कित्येक जड ट्रकांना युरियाची टाकी आली होती. व्हीआरएलचं मुख्य ऑफिस आपल्या गावात, वायव्य कर्नाटक परिवहनचं मुख्य ऑफिसही इथलंच, आणि पुणे-बेंगळुरू हायवे दाराशी. त्यामुळे इथल्या ट्रकच्या मेस्त्रींनी युरियाचे नखरे कारच्या शोरूममधल्या पोरांपेक्षा तीन वर्षं आधीपासून पाहिलेत. माझं मत विचाराल तर फॉल्ट शोधण्यात अजूनही तेच पुढे आहेत.

आता सिस्टीम. टाकी, तिच्या आत पंप, गाळणी आणि पातळी मोजणारा सेन्सर. बऱ्याच गाड्यांत युरियाची प्रत मोजणारा सेन्सरही तिथेच असतो. टाकीतून एक बारीक पाइप सायलेन्सरकडे जातो, त्यात पाच बारच्या आसपास दाब. टोकाला इंजेक्टर. पुढे फवारा धुरात मिसळावा म्हणून एक पंख्यासारखी जाळी, मग एससीआर उत्प्रेरक. आणि नॉक्स मोजणारे दोन सेन्सर, एक उत्प्रेरकाच्या आधी, एक नंतर. हे सगळं एक कंट्रोलर चालवतो. गाडी बंद करून किल्ली काढल्यावर मागून थोडा वेळ घुर्रर्र असा आवाज येतो, तो बिघाड नाही. पाइपातला युरिया पंप परत टाकीत ओढून घेत असतो, म्हणजे तो इंजेक्टरच्या तोंडाशी वाळून बसत नाही. म्हणून गाडी बंद केल्या केल्या बॅटरीची वायर काढू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. गॅरेजवाल्यालाही थांबवा.

युरियाच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ त्याच्या वाळण्यात आहे. पाणी उडून गेलं की मागे पांढरे खडे राहतात, मिठाच्या बरणीच्या तोंडाशी जमतात तसे. ते झाकणापाशी दिसले तर कोमट पाण्याने धुऊन टाका, त्यात काही विशेष नाही. पण पाइपच्या जोडावर, इंजेक्टरभोवती किंवा वायरच्या सॉकेटमध्ये पांढरं दिसलं तर तिथून युरिया बाहेर येतोय. बिघाड कुठे आहे हे इतकं स्पष्ट सांगणारी दुसरी सिस्टीम गाडीत नाही. कूलंट गळतं आणि उडून जातं, हा मात्र जिथून गेला तिथे रांगोळी काढून जातो. वायरच्या बाबतीत तो फारच वाईट. एकदा सॉकेटमध्ये शिरला की तांब्याच्या तारेतून वर चढत जातो आणि तांबं हिरवं पाडतो.

कमरीपेठेतल्याच एका घरची गोष्ट सांगतो. घरात आईला डायलिसिस, आठवड्यातून दोनदा धारवाडला. जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर. एके दिवशी डॅशबोर्डवर मेसेज आला, ४०० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. मुलाने हिशोब केला. धारवाडच्या फेऱ्या आणि घरच्या बाकीच्या फेऱ्या मिळून तीन आठवडे. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी२०ई८ कोड आला, म्हणजे युरियाचा दाब कमी. पंप टाकीच्या आतच बसवलेला असल्याने त्यांनी टाकीसकट पूर्ण युनिट बदलायचं एस्टिमेट दिलं. ऐंशी हजारांच्या पुढे, आणि पार्ट यायला महिना. पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी होतं. "काका, पैसे उभे करीन ओ, पण महिनाभर आईला रिक्षातून नेऊ का?"

आता 'दाब कमी' या दोन शब्दांचा अर्थ बघा. एक तर पंप दाब तयार करत नाही, किंवा तयार झालेला दाब वाटेत कुठेतरी जातोय. कोड या दोघांत फरक करत नाही, तो माणसाने करायचा असतो. आम्ही गाडी ओळखीच्या मेस्त्रीच्या रॅम्पवर चढवली, टॉर्च घेतला आणि टाकीपासून सायलेन्सरपर्यंत पाइपावरून बोट फिरवत गेलो. मागच्या चाकाच्या वर पांढरा थर. धुऊन पाहिलं तर प्लास्टिकच्या पाइपवर बारीक दातांच्या खुणा. "अण्णा, पंप चांगला आहे. उंदीर आहे हा," मेस्त्री म्हणाला. आपल्या पेठेतल्या अरुंद बोळात, धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहते, त्यात नवल काय! पाइप तेवढा बदलला, स्कॅनरवरून पंप चालवून दाब स्थिर राहतो का ते पाहिलं, कोड पुसला आणि गाडी बायपासला फिरवून आणली. काउंटडाउन गेलं. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत.

सर्व्हिस सेंटरने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पुस्तकात कोडपुढे पार्टचं नाव असतं, आणि गाडीखाली जाऊन बघायला कुणाला अर्धा तास मिळत नाही. तो अर्धा तास तुम्ही मागून घ्यायचा. "दाब मोजला का? गळती पाहिली का? रीडिंग दाखवा," एवढं नम्रपणे विचारलं तरी एस्टिमेट पुष्कळदा बदलतं. आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू देण्याआधी नकार लेखी मागा.

कोड स्वतः वाचायचा असेल तर स्टीअरिंगखाली जो ओबीडीचा सॉकेट असतो त्यात लावायचा छोटा डोंगल मिळतो, मोबाईलवर दिसतं. स्वस्तातला डोंगल युरियाच्या कंट्रोलरपर्यंत पोचेलच असं नाही, पण साधे कोड दाखवतो. पी२०३एफ आला तर युरिया संपत आलाय. पी२०७एफ म्हणजे युरियाची प्रत संशयास्पद. पी२०४७ इंजेक्टरच्या वायरिंगचा. पी२२०० आणि पी२२९ई हे नॉक्स सेन्सरचे, पहिला पुढच्याचा, दुसरा मागच्याचा. आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा पी२०ईई, उत्प्रेरक काम करत नाही असं सांगणारा. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी सोपं. युरिया भरला तरी दिवा गेला नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारण बहुधा असं की लिटर-दोन लिटर भरलेलं असतं. कित्येक गाड्यांत ठरावीक प्रमाणात, चार-पाच लिटर तरी एकदम भरल्याशिवाय सेन्सर भरणा मान्यच करत नाही. भरल्यावर इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करून थोडा वेळ थांबा, मग गाडी दहा-वीस किलोमीटर नीट चालवा. पूर्ण रिकामी होऊन लॉक झालेल्या गाडीला तर हे लागतंच. तोंडापर्यंत मात्र भरू नका, वर थोडी जागा हवी. साधारण कारला हजार किलोमीटरला एक ते दीड लिटर लागतो, घाट आणि लोड असेल तर जास्त. एकाएकी खप निम्म्यावर आला तर खूश होऊ नका, फवारा मारला जात नाहीये.

आता त्या वहिनींचा प्रश्न. शेतातला युरिया चालत नाही. हे जरा नीट सांगायला हवं, कारण हायवेला काही ठिकाणी ड्रममधून सुटा, स्वस्त 'युरिया' मिळतो आणि तो नेमका काय असतो हे विकणाराच जाणे. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी सरकार २४२ रुपयांना देतं (कडुलिंबाच्या लेपाचा खर्च आणि कर वेगळे), खरी किंमत त्याच्या कितीतरी पट असते. साहजिकच ती गोणी पळवून पाण्यात कालवायचा मोह होतो, आणि केंद्राच्या खत खात्याच्या भरारी पथकांनी असे प्रकार पकडलेले आहेत. २०१५ पासून देशातला सगळा शेतीचा युरिया कडुलिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो, त्यामागे हेही एक कारण आहे. ते तेल गाळणीत आणि उत्प्रेरकावर बसतं. शिवाय युरिया बनताना बाययुरेट नावाचा एक पदार्थ तयार होतो. पिकाला थोडा असला तरी चालतो, पण गाडीच्या युरियात तो ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही, सायलेन्सरमध्ये दगडासारखा जमतो. कॅल्शियमची मर्यादा तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. आपल्या बोअरवेलच्या पाण्याने बादलीला पांढरा थर येतो, तेव्हा ते पाणी टाकीत गेलं तर काय होईल, बघा विचार करून. आणि ती गोणी कलघटगी-कुंदगोळच्या मक्याला मिळायची होती, हेही आहेच.

डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं, सील शाबूत, आणि बनवल्याची तारीख बघून घ्या. तारीख महत्त्वाची, कारण हा माल उन्हात म्हातारा होतो. त्याच मानकाप्रमाणे २५ अंशांपर्यंत ठेवला तर १८ महिने, ३० अंशांना १२, आणि ३५ अंशांना जेमतेम ६ महिने. एप्रिलात आपल्या पत्र्याच्या शेडखाली किती अंश असतात ते वेगळं सांगायला नको. स्वस्त मिळाला म्हणून चार डबे घेऊन माळ्यावर टाकू नका. बिल मात्र जपून ठेवा. प्रतीवरून वाद झाला तर तेवढाच पुरावा.

प्रत तपासायला ट्रकवाल्या मेस्त्रीकडे दुर्बिणीच्या तुकड्यासारखं एक यंत्र असतं, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून बघायचं, रेघ ३२.५ च्या आसपास हवी. मानक ३१.८ ते ३३.२ इतकी सूट देतं. तीस दिसलं तर पाणी मिसळलंय. पण लक्षात घ्या, हे यंत्र फक्त दाटपणा सांगतं. शेतीचा युरिया बरोबर मापात कालवला तर तोही ३२.५ दाखवेल. म्हणून मी म्हणतो, चाचणीपेक्षा दुकान नीट निवडा.

चुकीच्या टाकीत चुकीचं भरणं हा एक वेगळाच अध्याय. युरियाच्या नळीचं तोंड १९ मिलिमीटर असतं, डिझेलचं त्याहून मोठं. म्हणजे पंपावर डिझेल युरियाच्या भोकात जात नाही, पण युरिया डिझेलच्या भोकात आरामात जातो. आणि डबा आणि नरसाळं घेतलं की कशाचंही काहीही होतं. युरिया डिझेलमध्ये गेला तर इंजिन सुरू करू नका, इग्निशनसुद्धा लावू नका, कारण किल्ली फिरवताच डिझेल पंप ओढायला लागतो. टाकी रिकामी करून धुतली तर खर्च थोडक्यात आटपतो. एकदा का ते हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टरमध्ये गेलं की गंज आणि खडे, मग खर्चाला धरबंध नाही. उलट डिझेल युरियाच्या टाकीत गेलं तर रबरी सील फुगतात आणि उत्प्रेरक खराब होतो. तिथेही तोच नियम, आहे तिथून टोइंग. लाज वाटून "थोडंच गेलंय" म्हणत गाडी घरी आणणारे भेटतात. लाजेचं बिल मोठं येतं.

कमरीपेठेत राहणाऱ्यांनी आणखी एक समजून घ्यायला हवं. सकाळी दुर्गदबैल, दुपारी मुलांना शाळेतून, संध्याकाळी दाजिबानपेठ, असा आपला दिवस. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, पहिला-दुसरा गिअर. धुराचं तापमान १८०-२०० अंशांच्या वर गेल्याशिवाय युरिया नीट फुटत नाही. सायलेन्सर गार असताना फवारा अर्धवट वाळतो आणि आत पांढरे गड्डे जमतात. डीपीएफचंही तेच रडगाणं, त्यावर मागे लिहिलंय. आठवड्यातून एकदा बायपासने धारवाडपर्यंत एका गिअरमध्ये, न थांबता जाऊन या. इंजेक्टरच्या टोकावर खडे जमले असतील तर तो काढून कोमट शुद्ध पाण्यात बुडवून ठेवला की पुष्कळदा मोकळा होतो. तारेने टोचू नये, भोक मोठं होतं. मग स्कॅनरवरून ठरावीक वेळ फवारा मापपात्रात मारून किती मिलिलिटर आले ते पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. ज्या मेस्त्रीला ती माहीत आहे तो तुमचा मेस्त्री.

आता पी२०ईई. हा आला की "उत्प्रेरक गेला" असं सांगून मोठं बिल पुढे ठेवतात. पण गाडी उत्प्रेरक प्रत्यक्ष बघत नाही, ती फक्त पुढच्या आणि मागच्या नॉक्स सेन्सरमधला फरक बघते. फरक कमी असला की उत्प्रेरकाला दोष. फरक कमी असायची कारणं मात्र कितीतरी: पातळ युरिया, अर्धवट फवारा, सेन्सरच्या आधी सायलेन्सरला चीर, किंवा ईजीआर अडकल्याने इंजिनच भरमसाट नॉक्स सोडतंय. किंवा सेन्सरच खोटं बोलतोय. ते तपासायचं साधं तंत्र आहे. उतारावर गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. डिझेलचा पुरवठा थांबतो, नुसती हवा जाते, तेव्हा दोन्ही सेन्सर थोड्या वेळात शून्याजवळ यायला हवेत. एखादा वरच अडकला तर तो सेन्सर संशयित. हे वाचायला शेजारी दुसरं माणूस बसवा, चालवणाऱ्याने मोबाईल बघायचा नाही.

यात एक गंमत आहे. नॉक्स सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच दिसतो. त्यामुळे युरिया गरजेपेक्षा जास्त पडला आणि उरलेला अमोनिया मागून बाहेर आला, तरी गाडीला वाटतं नॉक्स वाढलाय, आणि मेस्त्रीला वाटतं युरिया कमी पडतोय. तो आणखी वाढवायच्या मागे लागतो. मागे उभं राहून उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर प्रकरण उलटं आहे, इंजेक्टर गळतोय. अशा वेळी नाकाचं ऐकावं.

उत्प्रेरक खरोखर मेलाय हे या सगळ्यानंतर म्हणायचं. नवीन सेन्सर किंवा इंजेक्टर बसवल्यावर कंट्रोलरमधली जुनी शिकवण पुसावी लागते, नाहीतर नव्या पार्टवर जुनाच हिशोब चालू राहतो. आणि कोड पुसल्याबरोबर मेसेज जाईलच असं नाही. गाडी स्वतःची परीक्षा रस्त्यावर घेते, त्याला सलग चाल लागते.

काउंटडाउन शून्यावर आलं तर? धावती गाडी रस्त्यात बंद पडत नाही. बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, अशी बहुतेक कारमध्ये व्यवस्था असते. म्हणून पंढरपूर-तुळजापूरला निघताना आकडा तीन अंकी असेल तर आधी दुरुस्ती, मग देवदर्शन. वाटेत अडकलातच तर चहाला इंजिन बंद करू नका, आणि डिझेल भरायच्या पंपावरच युरियाही मिळेल असा पंप गाठा, कारण डिझेल भरताना इंजिन बंद करावंच लागतं.

आता त्या 'इलाजा'बद्दल, ज्याविषयी तरुण मुलं हळू आवाजात विचारतात. वीस हजारात युरिया कायमचा बंद करून देतो म्हणणारे आहेत. एक तर सॉफ्टवेअर बदलतात, नाहीतर खोटा सिग्नल देणारी डबी बसवतात. एमिशन टेस्टमध्येही गाडी पास होते. होणारच, कारण आपल्याकडे डिझेलच्या एमिशन टेस्टमध्ये धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल बेकायदा आहे. कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने रद्द. वॉरंटी तर तिथेच संपली. आणि आपली गल्ली दहा-बारा फुटांची. धूर सोडून तुम्ही पुढे जाता, उंबऱ्यावर बसलेली पोरं आणि आजी तिथेच असतात.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग अमेरिकेत फुटलं ते याच नॉक्सवरून, टेस्टमध्ये एक आणि रस्त्यावर दुसरं असं सॉफ्टवेअर. पुढे जुलै २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. आरोपांत एक हा होता की युरियाची टाकी किती लहान ठेवायची हे त्यांनी आपसात ठरवून घेतलं. डेमलरही त्यात होती, पण माहिती देऊन ती दंडातून सुटली. म्हणजे टाकी लहान का, असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. त्याच वर्षी चीनने युरियाची निर्यात आवळली तेव्हा दक्षिण कोरियात ट्रक उभे राहायची वेळ आली होती आणि लोक पंपावर रांगा लावत होते.

सुट्टीला येणाऱ्या मुलांसाठी एक शेवटचं. हा युरिया उणे ११ अंशांना गोठतो. जर्मनी-कॅनडात टाकीला हीटर असतो आणि हिवाळ्यात त्याचेच कोड जास्त येतात, ते आपल्याला लागू नाहीत. इथे डोंगलवर हीटरचा कोड दिसला तर हीटर बदलायच्या आधी त्याची वायर बघा. बहुतेक वेळा त्याच उंदराचं काम असतं. गाडीखाली रात्री पिंजरा ठेवणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय. पेठेतल्या दोन घरांनी मांजर पाळलंय, त्यांचंही बरं चाललंय.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, गाडीचं मॉडेल, साल आणि कोड लिहून. पुढच्या अंकात एसी.